वॉटर बर्थ हवाय, पण डॉक्टर म्हणतात टबात फक्त कळा काढ

पत्र थोडक्यात: पत्र पाठवणारी २९ वर्षांची आहे, पहिलंच बाळ, एकतिसावा आठवडा चालू आहे आणि आत्तापर्यंतचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. वॉटर बर्थचे, म्हणजे पाण्याच्या टबात बाळंत होण्याचे, व्हिडिओ बघून तिला तशीच डिलिव्हरी हवीय. पहिल्यापासून जिथे नाव नोंदवलंय तिथे टब आहे, खालीच ऑपरेशन थिएटरही आहे, पण तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणतात कळा टबात काढ, बाळ मात्र बाहेर बेडवर. दुसरीकडे एक छोटं बर्थ सेंटर आहे, शांत, घरच्यासारखं, तिथे पाण्यातच डिलिव्हरी करतात, पण ऑपरेशन थिएटर नाही, गरज पडली तर ॲम्ब्युलन्सने चाळीस मिनिटांवरच्या हॉस्पिटलात न्यायचं. नवरा म्हणतो तुला हवं ते कर पण मला भीती वाटते. सासूबाई म्हणतात बाळाच्या नाकातोंडात पाणी जाईल. मैत्रीण म्हणते बेडवर झोपून होते ती नॅचरल डिलिव्हरीच नव्हे. मोठ्या बहिणीचं बाळंतपण तिने जवळून पाहिलंय, बाळाचे ठोके बघायला पोटाला पट्टे बांधून रात्रभर उताणं झोपवलं होतं, बाळ बाहेर यायला न विचारता खाली छेद दिला, वर ओरडाआरडा. तिचे प्रश्न तीन आहेत: "ताई, ही माझी थेरं आहेत का? आता आठव्या महिन्यात डॉक्टर बदलू का? आणि नवऱ्याला टबात येता येतं का?"

अगं,

थेरं कसली त्यात. अंग तुझं, कळा तू काढणार, मग त्या कशा काढायच्या याबद्दल तुझं काही म्हणणं असणारच की, आणि समजा थोडी हौस असली तरी बिघडलं काय. हौस आहे म्हणून गोष्ट आपोआप चुकीची ठरत नाही, फक्त हौस आहे म्हणून ती सुरक्षितही ठरत नाही, एवढंच. दोन्ही नीट तपासून बघू.

आधी एक गुंता सोडवते. तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली आल्यात. एक म्हणजे कळा चालू असताना कोमट पाण्यात बसणं, आणि दुसरी म्हणजे बाळ प्रत्यक्ष पाण्यात जन्माला येणं. पहिली गोष्ट काही तासांची असते, पहिलटकरणीची तर चांगलीच लांबते. दुसरी शेवटच्या काही मिनिटांची. व्हिडिओत आपल्याला दिसतात ती हीच शेवटची मिनिटं, मंद दिवे, वर येणारं बाळ, रडणारी आई, त्यामुळे वाटतं की सगळं सुख त्यातच आहे. पण पाण्याचा जो काही आराम बाईला मिळतो तो बहुतेक सगळा त्याआधीच्या तासांमध्ये मिळतो, पोट पाण्याखाली गेलं की अंगाचा भार हलका होतो, कुशीवर वळता येतं, गुडघ्यांवर टेकता येतं, दोन कळांच्या मध्ये जरा डोळा लागतो.

फ्रान्समध्ये पिथिव्हिए नावाच्या गावातल्या हॉस्पिटलात मिशेल ओदाँ या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात लेबर रूममध्ये पूल आणला, तो कळा सोसायला मदत व्हावी म्हणून. पाण्यात बाळ जन्माला घालायचं असा काही बेत नव्हता. पण काही बायका आत बसल्या त्या बसल्याच, बाहेर यायचं नावच घेईनात, आणि बाळं तिथेच झाली. अशा पहिल्या शंभर जन्मांबद्दल त्यांनी १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या मेडिकल मासिकात लिहिलं. म्हणजे टबात फक्त कळा काढायला सांगणाऱ्या तुझ्या मॅडम काही अर्धवट वॉटर बर्थ देत नाहीयेत, टबाचं मूळ काम तेच होतं.

आता मॅडम बाळ पाण्यात का नको म्हणतात. त्या हे मनाने सांगत नाहीयेत. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये जे मार्गदर्शन काढलं त्यात हेच आहे: ३७ आठवडे पूर्ण झालेत, ४१ आठवडे ६ दिवसांच्या आत आहे, कसलीही गुंतागुंत नाही, अशा बाईला कळांच्या काळात पाण्यात बसायला द्यायला हरकत नाही, पण बाळाचा जन्म पाण्याबाहेर व्हावा, कारण जन्म पाण्यात होण्याचे फायदे-तोटे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. ब्रिटनमध्ये मात्र वेगळं चित्र आहे, तिथे पाण्यातला जन्म कित्येक वर्षं सरकारी हॉस्पिटलांत नेहमीचाच झालाय, आणि तो करतात त्या मिडवाइफ्सना, म्हणजे शिकलेल्या सुईणींना, त्याचं रीतसर ट्रेनिंग असतं.

मग तिथल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, पूल स्टडी म्हणतात त्याला. २०१५ ते २०२२ या काळात कळा चालू असताना पूल वापरलेल्या ७३ हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी त्यांनी घेतल्या, आणि त्यातल्या ज्यांना जन्माआधी डॉक्टरांची मदत किंवा भूल लागली नाही अशा साठेक हजार बायकांची तुलना केली, बाळ पाण्यात झालेल्या एकीकडे, पूलमधून बाहेर येऊन झालेल्या दुसरीकडे. गुदद्वारापर्यंत जाणाऱ्या मोठ्या जखमा पाण्यात जास्त होतात असं दिसलं नाही, आणि बाळांना त्रास जास्त झाला असंही दिसलं नाही. एक गोष्ट पाण्यात जास्त दिसली, नाळ मध्येच तुटणं, हजारात साधारण १० विरुद्ध ३. ऐकायला भयंकर वाटतं, पण हात तयार असलेली मिडवाइफ लगेच चिमटा लावते आणि बाळ ठीक राहतं. हात तयार नसेल तर तेवढ्यात बाळाचं रक्त जातं.

आणि माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं बघ. हे चांगले आकडे टबाचे नाहीत, टबाशेजारी बसलेल्या माणसांचे आहेत. रोज हे काम करणाऱ्या, बाईला वेळेत बाहेर काढायची सवय असलेल्या, मागे पूर्ण हॉस्पिटल उभं असलेल्या टीमचे. ते आकडे उचलून जिथे वर्षातून चारदा टब भरला जातो तिथे लावता येत नाहीत. तुझ्या मॅडमना पाण्यातल्या डिलिव्हरीचा सराव नसेल आणि म्हणून त्या नको म्हणत असतील तर तो अत्यंत प्रामाणिक नकार आहे, मी तर म्हणेन अशा डॉक्टरवर जास्त विश्वास ठेव. ज्याला जे येत नाही ते त्याच्याकडून गळ घालून करून घेऊ नये, निदान बाळंतपणात तरी नाही.

पाण्याने नक्की मिळतं काय, तेही साफ सांगते, कारण व्हिडिओवाले वाटेल ते सांगतात. २०१८ चा एक मोठा आढावा आहे, जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा, १५ अभ्यास आणि साडेतीन हजारांच्या वर बायका. त्यात दिसलं की कळांच्या काळात पाण्यात बसलेल्या बायकांना एपिड्युरलसारखं, म्हणजे पाठीत देऊन कमरेखाली बधिर करणारं, इंजेक्शन थोडं कमी लागलं, शंभरात ४३ च्या जागी ३९. म्हणजे फरक आहे पण चमत्कार नाही. सिझर कमी होतं असं काही ठाम दिसलं नाही, टाके पडत नाहीत असंही नाही. बाळाला त्यामुळे अपाय होतो असंही दिसलं नाही. तेव्हा "टबात बसलं की दुखतच नाही" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून दे. दुखतं. भरपूर दुखतं. फक्त बऱ्याच जणी सांगतात की पाण्यात ते आपल्या हातात राहतं, आपण त्याच्या तडाख्यात सापडल्यासारखं वाटत नाही, आणि हे काही थोडंथोडकं नाही हं.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नकोस, तो प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि त्याला नीट उत्तर आहे. पोटात असताना बाळ पाण्यातच असतं, त्याच्या फुप्फुसातही पाणीच असतं, आणि ऑक्सिजन येतो नाळेतून. बाहेर आल्या आल्या हवा लागते, गारवा लागतो, तेव्हा ते पहिला श्वास घेतं. कोमट पाण्यातून कोमट पाण्यात आलेलं निरोगी बाळ साधारणपणे त्या काही सेकंदांत श्वास घेत नाही, त्याला लगेच वर घेतात, तोंड आधी पाण्याबाहेर. पण यात एक मोठा "पण" आहे, बाळ आधीच थकलेलं असेल, ऑक्सिजन कमी पडत असेल, तर ते पाण्याखालीही दचकून श्वास ओढू शकतं. म्हणून तर पूर्ण वेळ ठोके ऐकत राहावे लागतात, आणि ठोक्यात जरा गडबड वाटली की आईला बाहेर काढतात, विचारत बसत नाहीत. आणि डोकं बाहेर आल्यावर आईने कंबर उचलली आणि डोक्याला एकदा हवा लागली की ते परत पाण्यात जाऊ द्यायचं नसतं, उरलेली डिलिव्हरी बाहेरच. सासूबाईंना हे असं सांग, "तुम्हाला काही कळत नाही" या सुरात नको. त्यांची शंका बरोबर आहे, फक्त तिचं उत्तर आधीच शोधून ठेवलेलं आहे.

मैत्रिणीचं ते नॅचरल-बिचरल सोडून दे. प्लास्टिकचा टब, थर्मामीटर आणि पाण्यात चालणारं मशीन घेऊन झालेली डिलिव्हरी नॅचरल आणि बेडवरची नाही, असलं काही नसतं. परीक्षा नाहीये ती, मार्क पडत नाहीत.

आता बहिणीबद्दल. मला तर वाटतं तुझ्या पत्रातला खरा विषय हाच आहे, टब नंतर आला. तू लिहिलंयस की तिला रात्रभर पट्टे बांधून उताणं झोपवलं, न विचारता छेद दिला, वर ओरडले. मग तुला टब हवासा का वाटला हे समजायला फार डोकं नको, टबात असलेल्या बाईला कुणी पट्ट्याने बांधू शकत नाही, उताणं झोपवू शकत नाही, पटकन हात लावू शकत नाही. टब म्हणजे तुला तुझ्याभोवतीचं कुंपण वाटतंय. बरोबर ना? पण मग हे बघ की या सगळ्या गोष्टी कोरड्या बेडवरही मागता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणाच्या काळजीबद्दल ज्या शिफारशी काढल्या त्यात स्पष्ट आहे की सरसकट छेद देऊ नये, धोका नसलेल्या बाईला कळांच्या काळात हिंडू-फिरू द्यावं, उभं-बसतं राहू द्यावं, जोर करताना कुठल्या स्थितीत असायचं ते तिला ठरवू द्यावं, तब्येत चांगली असलेल्या बाईला कळा आपणहून सुरू झाल्या असतील तर सतत पट्टे लावून ठोके बघायची गरज नाही, मध्ये मध्ये ऐकले तरी चालतात, आणि तिच्या आवडीचं माणूस सोबत असू द्यावं. या सोबतीच्या माणसाचं तर खास सांगते, पूर्ण वेळ कुणीतरी शेजारी असण्यावर २६ अभ्यासांचा एक आढावा आहे, १५ हजारांहून जास्त बायकांचा, त्यात सिझर थोडी कमी झाली, कळांचा वेळ थोडा कमी झाला, बायका अनुभवाबद्दल जास्त समाधानी राहिल्या. सिझर कमी झाल्याचं टबाच्या आढाव्यात दिसलं नव्हतं, सोबतीच्या आढाव्यात दिसलं.

म्हणून डॉक्टर बदलायच्या प्रश्नाआधी मॅडमकडे एक वेगळी अपॉइंटमेंट घे, तपासणीची नाही, बोलायची. नवऱ्याला घेऊन जा. बहिणीचा किस्सा सांग, लाजू नकोस, आणि विचार: मला हिंडू द्याल का, छेद देताना आधी मला सांगाल का, ठोके कसे ऐकाल, हा पूर्ण वेळ माझ्यासोबत थांबेल का, आणि तुम्ही नसाल त्या रात्री ड्युटीवर कोण असेल आणि त्यांना हे सगळं माहीत असेल का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे कारण बाळं ओपीडीच्या वेळा बघून येत नाहीत. उत्तरापेक्षा उत्तर देताना त्यांचा सूर कसा आहे ते बघ. वैतागल्या तर तुला कळलंच. शांतपणे "हे जमेल, हे नाही जमणार, आणि का नाही जमणार" असं सांगितलं तर मी तरी त्या बाईंना सोडणार नाही.

टबाबद्दलही विचार. टब एकच असेल तर आणि त्या रात्री दुसरी कुणी आत बसली असेल तर? हे फार वेळा होतं आणि कुणी आधी सांगत नाही. पाण्याखाली चालणारं ठोक्यांचं मशीन आहे का? ते छोटं टॉर्चएवढं असतं, सिस्टर हात पाण्यात घालून पोटावर धरते, कळ ओसरली की मिनिटभर ऐकते, कळांच्या काळात दर पंधरा मिनिटांनी आणि जोर करायच्या वेळी दर पाच मिनिटांनी. तसलं मशीन नसेल तर दर वेळी तुला उठून पोट पाण्याबाहेर काढावं लागेल, मग कसला आराम. पाण्याचं तापमान किती ठेवतात, कोण बघतं? साडेसदतीस डिग्रीच्या वर जाता कामा नये, तासातासाला मोजायचं, तुझा तापही मोजायचा, कारण आई तापली की बाळ तापतं आणि त्याचे ठोके वाढतात. "गरमच छान वाटतं" म्हणून नळ सोडायचा नाही.

बर्थ सेंटरला पण जाऊन ये की, बघायला काय जातं. फक्त तिथे भिंतींचा रंग आणि मेणबत्त्या बघून भाळू नकोस. विचार की आत्तापर्यंत किती जणींची डिलिव्हरी पाण्यात झाली आणि किती जणींना मध्येच बाहेर काढलं, आणि का. "आमच्याकडे कुणाला बाहेर काढावंच लागत नाही" असं उत्तर आलं तर चपला घालून निघ. चांगल्या ठिकाणी बऱ्याच जणी मध्ये बाहेर येतात, कुणाला एपिड्युरल हवं असतं, कुणाच्या कळा मंदावतात, कुणाचं बाळ पोटात शी करतं, आणि त्यांना हे आकडे तोंडपाठ असतात. मग विचार, मला चक्कर आली तर मला बाहेर कसं काढाल, दाखवा. खरंच दाखवायला लाव. तयारी असेल तर ते तुला सांगतील कोण डोकं धरणार, कोण पाय उचलणार, जाळी किंवा पट्टा कुठे टांगलाय, आणि तो टांगलेला तुला दिसेल. पाणी सोडून देत बसायला वेळ नसतो तेव्हा. बाळाचा खांदा अडकला तर काय करता, हेही विचार.

चाळीस मिनिटांचा हिशोबही नीट कर. चाळीस मिनिटं हा गाडीचा वेळ झाला. त्याआधी निर्णय घ्यायला वेळ, फोन, गाडी दारात यायला वेळ, तुला स्ट्रेचरवर घ्यायला वेळ, आणि तिकडे पोचल्यावर टीम जमून टेबलावर घेईपर्यंत वेळ. सगळं धरून किती होतं ते त्यांच्याकडून काढून घे, आणि मागच्या वेळी कुणाला हलवलं तेव्हा प्रत्यक्षात किती लागला तेही. पहिलटकरणींना मध्येच हॉस्पिटलात हलवावं लागण्याचं प्रमाण दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाच्या बायकांपेक्षा बरंच जास्त असतं, हे लक्षात ठेव, बहुतेकदा कारण जीवघेणं नसतं, कळा पुढे सरकत नाहीत एवढंच असतं, पण कळांमध्ये गाडीत चाळीस मिनिटं बसणं ही काय चीज आहे ते नको विचारूस.

स्वच्छतेचं न लाजता विचार. टब दर वेळी कशाने धुतात, फुगवायचा असेल तर आतलं प्लास्टिक प्रत्येकीसाठी नवीन असतं का. जेटवाला, पंप असलेला जकुझी टाइप टब अजिबात नको, त्याच्या पाइपांत जंतू साठतात. आधी दोन-दोन दिवस भरून गरम ठेवलेला टबही नको, कोमट साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो, नवजात बाळाला त्याने जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो, अशा घटना खरंच घडल्या आहेत आणि ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये तशा आधी भरून ठेवायच्या टबांबद्दल सावधगिरीची सूचना काढावी लागली होती. टब कळा सुरू झाल्यावरच भरायचा. आणि हो, जोर करताना थोडी शी होते, सगळ्यांना होते, टबाशेजारी एक चाळणी ठेवलेली असते ती त्यासाठीच, सिस्टर गुपचूप काढून टाकते. फार घाण झालं तर पाणी बदलतात. याची लाज वाटून कुणी टब नाकारला असेल तर वाईट वाटेल मला.

आता हे वाचणाऱ्या बाकीच्या जणींसाठीही, कारण पत्रं बरीच येतात. दिवस भरायच्या आधी म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत कळा आल्या, जुळी आहेत, बाळ पायाळू आहे, बीपी वाढलंय, इन्शुलिन चालू आहे, रक्त जातंय, ताप आहे, पाणमोट फुटल्यावर हिरवट घट्ट पाणी आलं, जननेंद्रियावर हर्पिसचे, नागिणीसारखे, फोड उठलेत, कळा कृत्रिम सुरू केल्यात आणि सतत ठोके बघायचेत, यातलं काहीही असेल तर टब सोडून द्यायचा. आधी सिझर झालेल्यांनी डॉक्टरांशी वेगळं बोलायचं, काही ठिकाणी पाण्यात चालणारे सतत ठोके दाखवणारे पट्टे असतात तिथेच ते शक्य होतं. एपिड्युरल घेतलं की पाय सुन्न, म्हणजे टब नाही. गुंगी आणणारं पेनकिलरचं इंजेक्शन घेतलं तर निदान दोन तास टब नाही. दुखणं कमी करायला तोंडाने ओढायचा गॅस मात्र टबातही चालतो. आणि शिकलेलं कुणी सोबत नसताना घरच्या बाथटबमध्ये व्हिडिओ बघून करायचं असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी ते काढून टाका, त्याला मी सल्ला वगैरे देणार नाही.

टबात घुसायची घाई पण नको. पहिल्या बारीक कळांना, गर्भपिशवीचं तोंड अजून दोन सेंटीमीटरच उघडलंय अशा वेळी, आत जाऊन बसलं तर कधी कधी कळा मंदावतात. चारेक सेंटीमीटर झाले, कळा नियमित आणि जोरात आल्या की मग जा. तोपर्यंत चाल, बॉलवर बस, शॉवर घे, गरम शॉवर कमरेवर सोडला तरी खूप बरं वाटतं आणि तो जवळपास सगळीकडे असतो. आत बसल्यावर घोट घोट पाणी पीत राहा, आणि लघवीला जाऊन ये, भरलेल्या लघवीच्या पिशवीमुळे बाळ खाली सरकायला अडतं, बायका पाण्यातून उठायचा कंटाळा करतात आणि मग तासभर तिथेच. उठताना कळ ओसरू दे, मग एक पाय बाहेर, कुणाचा तरी खांदा धरून, खाली टॉवेल घातलेला असावा. हे आधी एकदा कोरड्या टबात करून बघ, पोट आठव्या-नवव्या महिन्यात केवढं मध्ये येतं ते कळेल.

आणि वार पडायच्या वेळी बाहेर ये असं सांगितलं तर ऐक, पाण्यात रक्त किती गेलं याचा अंदाज येत नाही, आणि रक्त कमी जावं म्हणून द्यायचं इंजेक्शन घ्यायचं असेल तर बहुतेक ठिकाणी बाहेरच यायला सांगतात.

तर मी काय करेन? तुझ्या जागी, पहिलं बाळ, ओळखीच्या डॉक्टर, खालीच ऑपरेशन थिएटर, आणि टबात कळा काढायला परवानगी, एवढं हातात असताना मी शेवटच्या मिनिटांसाठी चाळीस मिनिटं लांब जाणार नाही. पण मॅडम बोलण्यात तुटक निघाल्या, रात्रीच्या ड्युटीचं उत्तर नीट देता आलं नाही, आणि सेंटरच्या मिडवाइफ्सनी वरच्या सगळ्या प्रश्नांना न चिडता, आकड्यांसकट उत्तरं दिली, कुठल्या हॉस्पिटलात नेणार ते आधीच ठरलेलं आहे आणि तुझं नावही तिथे आधीच नोंदवता येतंय, तर माझं मत डगमगेल, कबूल आहे. तिसराही एक रस्ता शोध, असं एखादं हॉस्पिटल जिथे पाण्यात डिलिव्हरी करणाऱ्या मिडवाइफ्स आणि थिएटर एकाच इमारतीत आहेत, थोडं लांब असलं तरी. बदलायचंच असेल तर चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्याच्या आत बदल, सगळे रिपोर्ट घेऊन, म्हणजे नव्या लोकांशी निदान दोन-तीन भेटी होतील. काहीही ठरवलंस तरी कागदावर दोन ओळी लिही, टब मिळाला नाही तर मला काय हवंय आणि टबातून बाहेर यावं लागलं तर काय हवंय, तो कागद फाइलला लाव.

राहिला नवरा. येता येतं त्याला टबात, पण ते त्या जागेच्या नियमावर आहे आणि टब केवढा आहे त्यावर. त्याच्या अंगावर जखम, पुरळ, जुलाब असं काही नसावं, आधी आंघोळ, पोहायची चड्डी. प्रत्यक्षात बऱ्याच बायकांना तो बाहेर काठाशी बसून खांद्यांना धरून ठेवतो तेच जास्त आवडतं, आत असला की पाय पसरायला जागा उरत नाही आणि तुला बाहेर काढायचं झालं तर आधी त्याला बाहेर काढत बसावं लागतं. भीती वाटते म्हणतो ना, त्याला काम दे, प्रश्न विचारायच्या भेटीत वही त्याच्या हातात असू दे, आणि टबाशेजारी बसायला कमी उंचीचं स्टूल मिळेल का ते त्यालाच विचारायला लाव, जमिनीवर गुडघे टेकून दोन तास बसला तर त्याच्याच कंबरेला शेक द्यावा लागेल.